‘पॅड गेलेत’ म्हणजे किती गेलेत?

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी फोन येतो. ‘सर, पुढचे पॅड गेलेत. डिस्कही बदलावी लागेल. साडेनऊ हजार होतील, करू ना?’ आपण ऑफिसात असतो, संध्याकाळी गाडी हवी असते आणि विषय ब्रेकचा असतो. ब्रेकला नाही कोण म्हणणार? गाडीत मुलं बसतात, आईवडील बसतात. आपण ‘करा’ म्हणून मोकळे होतो. या भीतीवर वर्कशॉपांनी धंदा चालवावा, याचा मला मनापासून राग आहे.

त्या फोनवर विचारायचं ते एवढंच: किती मिलीमीटर उरलेत? नव्या पॅडचं अस्तर साधारण दहा ते बारा मिलीमीटर जाड असतं. ते तीनवर आलं की बदलायची वेळ झाली. पाच-सहा उरलं असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा बघू म्हणून सांगावं. डिस्कचंही तेच. तिची किमान जाडी किती हवी, हा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. व्हर्नियर लावायला दोन मिनिटं लागतात. माप न घेता ‘डिस्क गेली’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो, तो दाखवून कुणी घाबरवत असेल तर सरळ उठून या. तो गंज पहिल्या चार ब्रेकांत निघून जातो.

आता पैशांचं. वॅगनआर, स्विफ्टसारख्या छोट्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढच्या पॅडचा चांगल्या कंपनीचा सेट साधारण बाराशे ते अडीच हजारांत येतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजात मजुरी तीनशे ते सहाशे, कंपनीच्या वर्कशॉपात हजाराच्या आसपास. म्हणजे पुढचं काम दीड ते साडेतीन हजारांत उरकायला हवं. दोन्ही डिस्क खरोखरच बदलायच्या असतील, तर आणखी तीन ते साडेपाच हजार धरा. मागचे लायनर बरेच जास्त टिकतात आणि त्यांचा सेट हजार-दीड हजाराचा. क्रेटाच्या वर्गातल्या गाडीला पुढच्या पॅडचं काम चार ते सहा हजारांत होतं. जर्मन गाडी असेल, तर नुसत्या पुढच्या पॅडांचं बिल पंधरा हजारांच्या पुढे सहज जातं. शहरागणिक थोडं इकडेतिकडे होईल. दुप्पट व्हायचं कारण नाही.

बिल तीन भागांत मागा: सामान, मजुरी, कर. पॅडच्या खोक्यावर छापील किंमत असते आणि तिच्यात कर धरलेला असतो, त्यामुळे तिच्यावर पुन्हा कर लावता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. खोक्यावरची किंमत त्यानंतर उतरली का, हे काउंटरवर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘ब्रेक क्लीनिंग’, ‘ब्रेक ट्रीटमेंट’ अशी नावं देऊन सात-आठशे रुपये वेगळे लावले असतील, तर त्यावर बोट ठेवून नेमकं काय केलं ते विचारा. पॅड बदलताना कॅलिपर साफ करणं आणि पिनांना ग्रीस लावणं हे त्याच कामात आलं.

‘बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल’ ही धमकी तर ठरलेलीच. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू न देणं, हाच त्यांच्यावरचा ठपका होता. इतकी वर्षं उलटली तरी ग्राहकाला काउंटरवर तीच भीती घातली जाते, हे संतापजनक आहे.

जुने पॅड परत मागा. हे काम सुरू व्हायच्या आधी जॉबकार्डवर लिहून घ्या, नंतर ‘स्क्रॅपमध्ये गेले’ असं उत्तर मिळतं. हातात आले की एका चाकाचे दोन्ही पॅड शेजारीशेजारी ठेवा. अस्तराच्या मधोमध असलेली चीर अजून खोल दिसतेय का? मग पॅड घाईने काढले. आतला पॅड लोखंडापर्यंत झिजलाय आणि बाहेरचा जाडजूड आहे? मग पिन जाम आहे किंवा पिस्टन अडकतोय. तो दोष काढला नाही, तर नवा सेटही असाच एका बाजूने खाल्ला जाईल आणि काही महिन्यांनी तोच फोन पुन्हा येईल.

हे वाचून कुणी चारशे रुपयांचे बिननावाचे पॅड बसवायला निघू नये. नाना पेठेत काय किंवा ऑनलाइन काय, नकली माल भरपूर आहे. गावात तो चालल्यासारखा वाटतो. कुंभार्ली नाहीतर वरंधा घाट उतरताना तापला की पकड सोडतो. पैसे वाचवायचे तर गाडी चालवण्यात वाचवा. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे लोक पॅड जाळतात आणि समोरच्याचा जीव टांगणीला लावतात.

एका खर्चाची मात्र घासाघीस करू नका, आणि नेमका तोच लोक टाळतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ओल मुरलेलं ऑइल घाटात तापलं की उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. पॅड कितीही नवे असोत, अशा वेळी उपयोग शून्य. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलून, ब्लीडिंग करून, हवा काढून घ्या. ऑइल आणि मजुरी धरून सातशे ते दीड हजारांचं काम आहे. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल, तर या आठवड्यातच गाडी दाखवून या.