एक्कावन्नाव्या दिवशी संध्याकाळी

गरिबी हटवायची भाषणं आपण 1971 पासून ऐकतो आहोत. ती नेमकी कधी हटते, ते मात्र कुणी सांगत नव्हतं. आम्ही शोधून काढलं आहे: एक्कावन्नाव्या दिवशी, संध्याकाळी, साधारण सहाच्या सुमारास.

हिशेब सोपा आहे. पिवळ्या रेशनकार्डाला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांच्या आत लागतं. तिरंगी कार्डं 1999 साली आली, तेव्हाचा हा आकडा. तेव्हापासून दुकानातलं रॉकेल आटलं, डाळीचे भाव कुठल्या कुठे गेले, पण 15,000 जागचे हलले नाहीत. आता 2024-25 ची रोजगार हमीची मजुरी घ्या: दिवसाला 297 रुपये. पन्नास दिवस माती वाहिली की होतात 14,850. माणूस अजून गरीब. एक्कावन्नाव्या दिवशी शेवटचं घमेलं खाली ठेवलं की 15,147. गेली गरिबी! नवराबायको दोघं कामावर असतील तर सव्विसाव्याच दिवशी. त्या वर्षी हमी शंभर दिवसांची होती, तेव्हा उरलेले दिवस ही मंडळी हौसेखातर उन्हात राबली असणार.

(रोजगार हमी ही मूळची आपलीच, वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली. तिचा असाही उपयोग होईल, असं त्यांना वाटलं नसावं.)

मराठी माणूस धंद्यात मागे पडतो म्हणतात, पण गरिबीची रेषा आखण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पुण्यात गोखले संस्थेत वि. म. दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्या जोडीने 2,250 उष्मांकांवर बोट ठेवून रेषा ओढली. पुढे सुरेश तेंडुलकर आले. त्यांच्या पद्धतीने 2013 साली जाहीर झालेली रेषा खेड्यात माणशी रोज 27 रुपये 20 पैसे होती. देशभर हसू झालं. त्याच सुमारास एका खासदारांनी मुंबईत बारा रुपयांत पोटभर जेवण मिळतं, असंही सांगून टाकलं. आमच्या पिवळ्या कार्डावर मात्र कुणी हसलं नाही. पाच माणसांच्या घरात ते 15,000 वाटून पाहा: माणशी रोज सव्वाआठ रुपये. तेंडुलकरांच्या रेषेला नुसतं शिवायचं म्हटलं तरी या घराला तिपटीहून जास्त श्रीमंत व्हावं लागेल.

आमच्या आळीत एक मावशी आहेत. विधवा, मूलबाळ नाही. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला 1,500 मिळतात, वर्षाला 18,000. तिथली उत्पन्नाची मर्यादा 21,000. हे अनुदानच कुणी उत्पन्नात धरलं तर पिवळं कार्ड गेलं. मी त्यांना समजावलं, "मावशी, तुम्ही निराधार आहात, पण गरीब नाही."

त्या म्हणाल्या, "आस्सं? मग पैसा कुठं ठिवलाय, तेवढं सांगा. डबे तर मी सगळे पाहिले."

मावशींची चूक एवढीच, की त्या खालून मोजतात. वरून मोजलं की जीव रमतो. वर्षाला आठ लाखांच्या आत मिळवणारा आपल्याकडे सरकारदरबारी 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' ठरू शकतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ असे दुर्बल आहेत. दाखला आणायला ते स्वतःच्या गाडीने गेले, कारण अशक्तपणा. थोडक्यात, गरिबी पंधरा हजारांवर संपते आणि दुर्बलता आठ लाखांपर्यंत पुरते.

मावशींना परवा उत्पन्नाचा दाखला हवा होता, म्हणून मी सोबत गेलो. खिडकीपलीकडच्या भाऊसाहेबांनी उत्पन्न किती, हे विचारलंच नाही. मान वर न करता ते म्हणाले, "कशासाठी पाहिजे?"

"रेशनकार्डाला," मावशी म्हणाल्या.

"मग चौदा हजार लिहितो. आणि निराधारला लागला तर वेगळा अर्ज आणा, त्याच्यावर वीस लिहू."

मावशी बाहेर येऊन पायरीवर टेकल्या. "सहा हजार वाढले की रे," म्हणाल्या आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.