मस्टरकाका

भोसरी एमआयडीसीत शेड घेतली, विजेचं मीटर लागलं, पहिला प्रेस बसला, की न बोलावता येतात ते मस्टरकाका. स्कूटरच्या हुकाला रेक्झिनची पिशवी, पिशवीत दहा-बारा कारखान्यांची हजेरीपुस्तकं आणि शर्टाच्या खिशात चार पेनं. मालक त्यांना कन्सल्टंट म्हणतात, कामगार ‘पीएफवाले’ म्हणतात, कार्डावर ‘कामगार कायदे सल्लागार’ असं छापलेलं आहे. ही एकच व्यक्ती आहे असं मात्र समजू नका. चाकण, सातपूर, वाळूज, जिथे जिथे पत्र्याच्या शेडखाली लोखंड कापलं जातं, तिथे तिथे असे एक काका नेमलेले असतात. मी हिशेब लिहितो त्या वर्कशॉपच्या वाट्याला आले ते हे.

महिनाभराचं मस्टर काका महिनाअखेरीस एका बैठकीत लिहीत. यात कसब काय, असं कोणालाही वाटेल. पण तीस दिवस एकाच शाईत लिहिणारा माणूस अडाणी, हे त्यांचं पहिलं सूत्र. ते दर आठवड्याला पेन बदलत. जुलै-ऑगस्टसाठी एक अडखळणारं पेन राखून ठेवलेलं होतं. आषाढीला सोलापूरकडच्या दोघांना रजा, छठला बिहारच्या पोरांना रजा, दिवाळीनंतर कोणाला तरी दोन दिवस ताप. एकदा त्यांनी हा ताप आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाला दिला होता. मी ते दाखवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘मग बरा होऊन परत येऊ दे त्याला, पुढच्या महिन्यात काढू.’’ शेवटी पुस्तकाच्या कोपऱ्यावर थोडा चहा सांडायचा. ‘‘रजिस्टर वापरातलं दिसलं पाहिजे.’’

हा सगळा खटाटोप तासांसाठी. १९४८ चा कारखाना कायदा दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांवर थांबायचा, आणि त्यापुढच्या कामाला कलम ५९ प्रमाणे दुप्पट दर मागायचा. प्रत्यक्षात आमच्याकडे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालत आणि ओटी सिंगल रेटने, चिठ्ठीवर, रोख मिळे. मस्टरात मात्र अख्खा कारखाना साडेपाचला घरी गेलेला असे. संध्याकाळनंतर भोसरीत जो धडधडाट ऐकू येतो, तो कागदोपत्री होतच नाही.

काकांचा माणसं मोजण्यातही हातखंडा होता. मूळ कायद्याने विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये दहा कामगार झाले की तो ‘कारखाना’ होत असे, म्हणून त्यांच्या कित्येक गिऱ्हाइकांकडे वर्षानुवर्षं नऊच माणसं राबत. दहावा माणूस मालकाच्या बायकोच्या फर्ममध्ये, त्याच छपराखाली, त्याच मशीनच्या पलीकडल्या बाजूला उभा. आमची पटसंख्या मोठी असल्याने ही सोय आम्हाला नव्हती, याचं काकांना मनापासून वाईट वाटे.

इतिहासाबद्दल त्यांना आदरही होता, नाही असं नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांचा विषय निघाला की ते खुर्चीत सरळ होऊन बसत. ‘‘मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० साली रविवार मिळाला तो लोखंड्यांमुळे. आपल्याकडे वीजवाल्यांनी त्याचा गुरुवार केला. आणि अर्जंट ऑर्डर आली की गुरुवारचं काय होतं, ते मी कुठेच लिहीत नाही.’’

मग २१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांच्या पोटात गेले. दुसऱ्या दिवशी काका आले ते घरात गमी झाल्यासारखे. कलम ५९ वर त्यांनी उभा संसार केला होता. त्यात कारखान्याची मर्यादा मूळ कायद्यातल्या दहावरून विजेसह वीस झाली, म्हणजे नऊवाले सगळे आता एकोणीसवाले होणार, तेवढंच सुख. आठवडाभराने ते सावरले. ‘‘आता म्हणे इन्स्पेक्टर नुसती तपासणी करणार नाही, मालकाला कायदा समजावूनही सांगणार,’’ ते म्हणाले. ‘‘इतकी वर्षं मी त्यांना समजावत आलो, त्याचं काय?’’

संहितेप्रमाणे आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं होतं. त्यात रुजू झाल्याची तारीख आली आणि काकांची जुनी पापं एकेक करून टेबलावर आली. मिलिंगवरचा एक जण अकरा वर्षं अखंड कामाला होता, पण मध्ये दाखवलेल्या ‘ब्रेक’मुळे कागदावर तीनदा जन्मला होता. ‘‘कोणती तारीख टाकू?’’ मी विचारलं. काकांनी त्यालाच बोलावलं. त्याने सरळ पहिली तारीख सांगितली. एवढ्या साध्या उत्तराची काकांना सवय नव्हती.

संहिता म्हणते, हजेरीचं रजिस्टर इलेक्ट्रॉनिक ठेवा किंवा इतर प्रकारे ठेवा. अंगठ्याचं मशीन घ्याच असं ती म्हणत नाही. ते आलं ते कस्टमर ऑडिटमुळे. आम्ही ज्यांना पार्ट पुरवतो त्या मोठ्या कंपनीला आमच्या कामगारांच्या तासांची एकाएकी काळजी वाटू लागली, आणि ती काळजी मशीनमधून काढलेल्या रिपोर्टवरच शांत होणार होती. मालकांनी पैसे मोजले. मशीन गेटवर बसलं.

पहिल्या दिवशी त्याने निम्म्या कारखान्याला ओळख दिली नाही. वर्षानुवर्षं कूलंटमध्ये भिजलेल्या आणि कापलेल्या लोखंडाच्या बरने सोललेल्या अंगठ्यांवर रेषा उरल्या नव्हत्या. ‘प्लीज ट्राय अगेन’ म्हणणाऱ्या मशीनमधल्या बाईला पोरं नमस्कार करू लागली. शेवटी चेहरा ओळखणारं मशीन आणावं लागलं, आणि मग रात्रपाळीतून सुटणाऱ्यांना चेहरा धुऊन या, असं सांगायला एक माणूस ठेवावा लागला. त्याची हजेरी घ्यायची राहून गेली, ती गोष्ट वेगळी.

काम सुरू कधी होतं, यावर तर एक अख्खी मीटिंग झाली. गेटमधून आत आल्यावर, कपडे बदलल्यावर, की स्पिंडल फिरल्यावर? सुपरवायझर स्पिंडलच्या बाजूने, कामगार गेटच्या बाजूने, आणि मालक, ते फोनवर होते. इथे काकांनी सगळ्यांना चकित केलं. ‘‘गेट,’’ ते म्हणाले. ‘‘मालकाच्या हुकमाखाली माणूस ज्या मिनिटाला आला, त्या मिनिटाला घड्याळ सुरू. पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची सुट्टी, तीही खरी, हातात डबा आणि नजर मशीनवर अशी नाही. आठ तासांपुढे दुप्पट.’’ पळवाट शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रत्येक वाट कुठे बुजवायची ते बरोबर माहीत होतं. सुपरवायझर बाहेर येऊन मला म्हणाला, ‘‘युनियन परवडली असती.’’

महिन्याने पहिला रिपोर्ट निघाला. मालकांचा पुतण्या, जो ‘प्रॉडक्शन बघतो’, तो अकराच्या आधी कधीच आला नव्हता. सर्वांत जास्त तास भरले होते एका हेल्परचे. तो शेडमध्येच झोपतो आणि गेटवरून दूध आणायला गेला तरी मशीन त्याचं तोंड टिपतं. ओटीचा आकडा मालकांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. तो आकडा नवा नव्हता. चिठ्ठ्यांवर तो दर महिन्याला असायचाच, फक्त निम्म्या दराने आणि बेरीज न करता.

पण काकांची हरकत आकड्याला नव्हती. त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं ते लेथवरच्या आमच्या जुन्या मिस्त्रींच्या ओळीवर. रोज आठ अठ्ठावन्न. महिनाभर. एकही दिवस इकडे-तिकडे नाही.

‘‘हे चालणार नाही,’’ काका म्हणाले.

‘‘अहो, खरं आहे ते.’’

‘‘खरं आहे, पण दिसत नाही ना खरं! कोणता साहेब विश्वास ठेवेल? असं मस्टर मी नवशिका होतो तेव्हा लिहायचो.’’ त्यांनी मिस्त्रींना बोलावलं आणि अजिजीने सांगितलं, ‘‘मिस्त्री, महिन्यातनं दोनदा तरी उशिरा येत जा. पाच-सात मिनिटं पुरे.’’

मिस्त्री पान थुंकून आले. ‘‘सत्तावीस वर्षं तीच बस पकडतो. ज्याला पटत नाही त्याने गेटवर येऊन उभं राहावं.’’

काका खरोखर आले. दुसऱ्या सकाळी पावणेनऊला स्कूटर लावून, मोबाइलमधलं घड्याळ मशीनशेजारी धरून ते उभे राहिले. मिस्त्री आले, तोंड दाखवलं, मशीनने ‘थँक यू’ म्हटलं, पडद्यावर ८:५८ उमटलं. काकांनी मोबाइलकडे पाहिलं आणि मला हाक मारली. मोबाइलमध्ये ८:५४ झाले होते. मशीन चार मिनिटं पुढे होतं. महिनाभरात आम्ही लावलेले निम्मे लेट मार्क चुकीचे होते.

त्या महिन्यात काकांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. ‘‘बघा! म्हणतच होतो मी,’’ ते म्हणाले, ‘‘हां, आता कसं खऱ्या मस्टरासारखं वाटतंय.’’ आणि लेट मार्कपायी कापलेले पैसे त्याच संध्याकाळी परत करायला लावून, पुतण्याचे मात्र चार मिनिटांनीही काही होत नाही, हे त्यांनी मालकांना सविस्तर समजावून सांगितलं.