बिल पाहून दाद द्यावी

कोकणातल्या बुरोंडीत पृथ्वीच्या अर्धगोलावर उभे असलेले पुतळ्यातले परशुराम वर्षानुवर्षे जागचे हललेले नाहीत. तरीही त्यांचा फोटो सेकंदाला २० फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्यानेच काढावा, या दक्षतेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. देवाचा काय भरवसा! एका बाणात समुद्र हटवून कोकण वसवल्याची त्यांची ख्याती आहे; पण तो काळ साधनांच्या टंचाईचा होता. आज त्याच समुद्रासमोर नुसते उभे राहायलाही किमान तीन लेन्स लागतात.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच गृहस्थांनी हयातभर बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या लेन्सवरच भागवले. जग त्यांची छायाचित्रे अजून पाहते, ते निव्वळ सहानुभूतीपोटी.

कला किमतीत वसते हे एकदा मान्य केल्यावर, मध्ये छायाचित्राचा अडथळा हवाच कशाला? आमची नम्र सूचना: पुढील प्रदर्शनात कॅमेऱ्यांची बिलेच चौकटीत लावावीत. जीएसटीसह रक्कम ठळक दिसावी. परीक्षकांचा वेळ वाचेल, निकालावर वाद होणार नाही.

प्रवेशिकेसाठी बिलाचा फोटो मोबाइलवर काढून पाठवावा. तो चांगला येतो.