पाटीवरचे गोखले

"काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात कालचे पाहुणे दीड तास उशिरा आले. रिक्षावाल्यानं आधी गोखलेनगर दाखवून आणलं!"

"अगं बाई! पत्ता चुकला?"

"चुकतोय कसला! यजमानांनी पाटीवरचा पत्ता जसाच्या तसा पाठवला, नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ."

"मग बरोबर. पुण्यात एफसी रोडला तसं कोणी म्हणतं का? गोखलेनगर म्हणजे पानशेतच्या पुरानंतर, 1961 नंतर, वसलेलं. ते वेगळं."

"पण बिचाऱ्या गोखल्यांनी त्याच रोडवरच्या फर्ग्युसन कॉलेजात 1902 पर्यंत शिकवलं, आणि नाव तोंडात कुणाचं, तर फर्ग्युसन गव्हर्नरचं! टिळक मात्र 1890 लाच भांडून ते कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, तरी टिळक रोड पोराटोराच्या तोंडी. आमचे हे म्हणतात, जहाल-मवाळांचं भांडण पाट्यांवर अजून चालू आहे."

"तुझ्या ह्यांना ऑफिसात काम नसतं का गं? मवाळांचं नाव चालतं हो, मुंबईला जा. दादरला गोखले रोडला गोखले रोडच म्हणतात."

"आणि अंधेरीचा गोखले पूल? माझी नणंद तिथं रोज शिव्या घालायची. 2022 च्या नोव्हेंबरात बंद केला, 2024 च्या फेब्रुवारीत अर्धा उघडला, तर हा वर आणि शेजारचा बर्फीवाला पूल खाली! मधे चांगलं माणूसभर अंतर."

"हो, जुळवायला जुलै उजाडला. शिव्या मात्र गोखल्यांच्या नावानं. पूल बांधणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक असतं?"

"म्हणून मी म्हणते, नाव द्यायचंच तर शाळेला द्यावं."

"दिलंय की. कलकत्त्यात. गोखले मेमोरियल, मुलींची शाळा. सरला राय बाईंनी 1920 मध्ये काढली."

"बंगाल्यांनी? आपल्या कोतळूकच्या माणसाचं नाव?"

"का नाही? सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल 1911 मध्ये कौन्सिलात कुणी मांडलं होतं? नापास झालं, ती गोष्ट वेगळी. माझी भाची तिकडं होती ना बदलीवर, तिच्या शेजारची मुलगी त्याच शाळेतली."

"म्हणजे चटर्जी, घोष, बॅनर्जी, सगळ्या पोरी गोखलेच्या?"

"तर! पत्रिका नाही, मुहूर्त नाही, की मानपान नाही."

"आणि आमच्या जाऊबाई मुलीसाठी गोखल्यांचं स्थळ शोधून शोधून थकल्या!"