साडेतीन चालत नाही

दिल्लीत नोकरी संपवून तिथेच राहिलेल्या मराठी इंजिनिअरांत एक पितळवेडी जमात असते. पेन्शन केंद्र सरकारची, फ्लॅट नोएडात, आणि बाल्कनीत तुळशीच्या जागी बेंच ड्रिल. तुळस जिन्यात.

या काकांना एकच वैरी: ‘चल जाएगा’. एम-४ चे आटे पाडायला भोक ३.३ मिलिमीटरचं लागतं, चारातून ०.७ पिच वजा, हिशेब सरळ. जी. बी. रोडचा दुकानदार साडेतीनचा बिट पुढे करतो, ‘अंकल, चल जाएगा.’ काकांच्या कपाळाची शीर उडते. दहा दुकानं पालथी घालून ते ३.३ मिळवतात आणि संध्याकाळी पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात चारचौघांत सांगतात, ‘आज दिवसभर जी. बी. रोडवर होतो!’

‘खाली हो, खाली! हार्डवेअरच्या दुकानांत,’ काकू घाईघाईने सांगतात. रस्त्याला स्वामी श्रद्धानंदांचं नाव दिलं, तरी वरच्या मजल्यांची कीर्ती कायम आहे.

पितळ मऊ, पण लबाड. बिट आरपार निघता निघता ते त्याला आत ओढतं. तुकडा व्हाइसमध्ये नसेल तर गरगरा फिरून बोटं फोडतो. म्हणून काका नव्याकोऱ्या बिटाची धार आधी दगडावर घासून जराशी मारतात. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटतं, पण शास्त्र तेच आहे: पितळेला खरवडणारी धार हवी, चावणारी नको. तेलपाणी लागत नाही. कीस मात्र सुईसारखा उडतो आणि पायमोज्यांतून थेट काकूंच्या गादीवर पोचतो.

शेजारणीची समई जोडातून तेल गाळायची. काकांनी झिजलेलं भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, पितळी स्टड बसवला. गळती थांबली. चावडी बाजारात नवी समई अर्ध्या तासात मिळाली असती, हे कोणी काढलं नाही. शेजारणीने महिनाभर पणतीवर भागवलं.

मुलांनी नैनितालचा बेत आखला, तेव्हा काकांनी वाटेत मुरादाबादला गाडी थांबवायला लावली. चहापुरती. चहा झाला आणि काका गायब! सापडले ते पितळेच्या एका कारखान्यात. खिशातला स्वतःचा स्टड त्यांनी म्हाताऱ्या कारागिरापुढे धरला होता. त्याने तो बोटांत फिरवला, डोळा बारीक केला आणि परत दिला.

‘साहब, ये नहीं चलेगा. टेढ़ा है.’

नैनिताल येईपर्यंत काका गाडीत एकटेच गुणगुणत होते.