तेलाविना भोगी

क्लीव्हलंड, ओहायो
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. सौ. आई व ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

वि. वि. इकडे सगळे खुशाल आहेत. बर्फ गुडघाभर आहे. गड्डा यात्रेचे आणि अक्षता सोहळ्याचे फोटो मिळाले. धाकटीने नंदीध्वजाचा फोटो वर्गात नेऊन दाखवला.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "हा एवढा का वाळलाय? जेवायला घालतेस की नाही?" मी तोंड उघडणार तोच तुमच्या चिरंजीवांनी फोन ओढून घेतला आणि तुम्हाला कोलेस्टेरॉल समजावून सांगितलं. तुम्हाला त्यातलं काही कळलं नसणार, म्हणून हे पत्र. पत्र त्यांना मधे ओढून घेता येत नाही.

झालं असं की दिवाळीच्या आधी तपासणीत ह्यांचं वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरीण बाई एवढंच म्हणाल्या, तळलेलं कमी करा, चाला. एवढ्यावर भागेल तर ते सोलापूरचे कसले! ह्यांनी ग्रंथालयातून पुस्तकं आणली, रात्र रात्र जागून वाचली आणि एके सकाळी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. नियम असा की जमिनीतून उगवलेलं, अख्खं, कारखान्याचं तोंड न पाहिलेलं, तेवढंच खायचं. म्हणजे मटण, मासे, अंडी बंद. दूध, दही, ताक, लोणी, तूप बंद. साखर, मैदा, पांढरा भात बंद. आणि तेलही बंद, कारण तेल म्हणजे शेंगदाण्यातलं चांगलं सगळं फेकून उरलेली नुसती चरबी, असं हे म्हणतात. फोडणी पाण्यात देतात, आई. मोहरी तडतडत नाही, नुसती पोहते.

ह्यांचे गुरू आमच्याच गावचे, क्लीव्हलंड क्लिनिकमधले डॉ. एसलस्टिन. माणूस साधासुधा नाही. 1956 साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नौकानयनात सुवर्णपदक मिळवलं, मग सर्जन झाले आणि पुढे हृदयरोग्यांना तेल-तूप सोडायला लावलं. ते सांगतात, दिवसातून सहा वेळा मूठ-मूठ पालेभाजी उकडून, वर व्हिनेगर शिंपडून चावून खा. ह्यांनी ते मनावर घेतलं. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा डबा उघडून रवंथ चालू असतं. लहानपणी अंबाडीच्या भाजीवरून तुमच्या हातचा मार खाल्लेला हाच ना तो मुलगा?

मार्गशीर्षात आमच्याकडे सत्यनारायण घातला. गुरुजी पिट्सबर्गहून आले. मी पूजेच्या तयारीला बसले आणि माझ्या लक्षात आलं की पंचामृतातलं दूध बाद, दही बाद, तूप बाद, मध बाद, साखर बाद. पाचापैकी पाच! शिऱ्याच्या प्रसादात तेवढं केळं पास झालं. शेवटी देवाला देवाचं पंचामृत आणि ह्यांना केळं, असा तोडगा निघाला. तीर्थ मात्र ह्यांनी घेतलं. चमचाभर चालतं म्हणाले, कोणत्या पुस्तकात ते सांगितलं नाही.

खरं भांडण झालं ते शेंगाचटणीवरून. तुम्ही दिलेला लोखंडी खलबत्ता काढला, शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजले, सालं पाखडली, लसूण, जिरं, मीठ, तिखट घालून कुटायला बसले. हे बाजूला उभे, पोलिसासारखे. कुटता कुटता दाण्यांना तेल सुटलं, चटणी लालभडक होऊन बत्त्याला चिकटायला लागली, तसे हे ओरडले, "तेल!" मी म्हटलं, मी घातलं नाही, त्याचं ते सुटलंय. हे म्हणाले, शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मी चरबी असते, एसलस्टिन हृदयरोग्यांना दाणे खाऊ देत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही हृदयरोगी आहात का? डॉक्टरांनी तसं कुठे लिहिलंय? बराच वेळ विचार करून म्हणाले, नाही. मग एक चमचा मंजूर झाला. हल्ली तो चमचा म्हणजे डाव आहे, पण मी काही बोलत नाही.

तुम्हाला सांगताना जिवावर येतंय, पण तेलाविना केलेली भोगीची भाजी झकास झाली. वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा, सगळं अंगच्याच पाण्यात शिजवलं आणि तीळ-दाण्याचं कूट सढळ हाताने घातलं. तिळाला तेवढं तेल असतंच, हे ह्यांना सुचलं नाही, मी सुचवलंही नाही. बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती. ज्वारीच्या भाकरीची मात्र रड आहे. इंडियन स्टोअरमधलं पीठ जुनं असतं, आधणाच्या पाण्यात मळलं तरी थापताना चिरा पडतात. इकडे कॅन्ससमध्ये ज्वारी अमाप पिकते, पण बहुतेक जनावरांना नाहीतर इथेनॉलला जाते. मंगळवेढ्याच्या मालदांडीची चव तिला कुठली यायला! त्यामुळे तुम्ही पाठवलेल्या कडक भाकऱ्या पुरवून पुरवून खातोय.

आता ह्यांची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल सून चहाड्या करते. परवा परत रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल चांगलं उतरलंय, पँटी ढगळ झाल्यात. ह्यांनी लगेच मला स्टॅनफर्डचा 2023 सालचा प्रयोग ऐकवला. जुळ्यांच्या 22 जोड्या घेतल्या (आपल्या जुळे सोलापूर वस्तीतल्या नव्हेत, खऱ्या), एकाला मांसाहार, दुसऱ्याला निव्वळ वनस्पती, दोघांनाही चांगलं सकस जेवण. आठ आठवड्यांत वनस्पतीवाल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल सरासरी 110 वरून 95 च्या आसपास आलं. मांसाहारवाल्यांचं जवळजवळ जागच्या जागी. हे खरं आहे, मी वाचून पाहिलं. 1990 साली डॉ. ऑर्निश यांनी तर हृदयाच्या आवळलेल्या रक्तवाहिन्या थोड्या मोकळ्या झाल्याचं दाखवलं होतं. पण तिथे माणसं 48 आणि आहाराबरोबर सिगारेट बंद, चालणं, योगासनं असं सगळंच होतं. गुण कशाचा म्हणायचा? ह्यांचंही तसंच. पालेभाजी सुरू झाली हे खरं, पण रोज दुपारी ऑफिसात दोन डोनट पोटात जायचे ते थांबले, हे ते कुणाला सांगत नाहीत.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आमच्या सासूबाई हेच खायच्या, भाकरी, हुलग्याचं माडगं, पाटीभर पालेभाजी. खरंय. पण त्या शेतात दिवसभर राबायच्या. आता आपल्याकडे पाच वेळा साखरेचा चहा, उपासाला साबुदाणा, रविवारी भजी. सगळं शाकाहारीच की! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. उंची-वजनाचं गणित मांडलं तर दोघांचा आकडा एकच, 22.3. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी 9 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या 21. आपण दिसतो बारीक, आतून लोण्याचे गोळे. मधुमेह आपल्याला लवकर गाठतो त्याचं हे एक कारण.

आणि आता मुद्द्याचं. ह्यांच्या तपासणीत बी-12 कमी निघालं. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात. दूध, अंडी, मांसातून ते मिळतं, झाडापाल्यातून भरवशाचं काही मिळत नाही. त्यामुळे कारखान्याला शिव्या घालणारे तुमचे चिरंजीव रोज सकाळी कारखान्यात बनलेली गोळी मुकाट गिळतात. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका तपासल्या, तर बहुतेकींचं बी-12 कमी निघालं. दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही ते कमी असतं.

बाबा शाकाहारी, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गेली कित्येक वर्षं चालू. त्या गोळीनेही बी-12 कमी होतं. त्यांच्या तळपायाला मुंग्या येतात आणि ते चपलेला दोष देतात. आई, याच आठवड्यात त्यांची बी-12 ची तपासणी करून घ्या. आणि ह्यांच्या फोनवरच्या भाषणाला भुलून गोळ्या कमी करायच्या नाहीत. जेवण बदलायचं असेल तर खुशाल बदला, भाकरी-उसळी वाढवा, चहातली साखर काढा, पण साखर उतरली तर गोळी किती ठेवायची ते तुमचे डॉक्टर ठरवतील, आमचे नाही.

मे महिन्यात याल तेव्हा बाबांचा रिपोर्ट, नवीन ज्वारीचं पीठ आणि दोन किलो शेंगाचटणी एवढं आणा. तूप आणू नका. आणलंत तर माझ्या हातात द्या.

तुमची,
सूनबाई