दीड फुटाला पाणी

माझा भाचा मूळचा लातूरचा, राहायला मिनियापोलिसला. म्हणजे ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथून उठून हा गडी दहा हजार तळ्यांचं म्हणवणाऱ्या मिनेसोटा राज्यात जाऊन बसलाय. हिवाळ्यात ही तळी गोठतात. मग तिथली शहाणीसुरती माणसं त्या बर्फावर तंबू टाकतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यात गळ सोडून दिवस घालवतात. भाच्याला आणि त्याच्या ऑफिसातल्या तिघांना हा नाद लागला. चौघांत मिळून तंबू कोणता घ्यावा, एवढंच विचारायला त्यानं आईला फोन केला. ताईनं फोन स्पीकरवर टाकला. समोर दाजी आणि मी. पुढं विषय भाच्याच्या हातात राहिला नाही.

आम्हाला यातलं कळत नाही असं समजू नका. नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगाव लागतं. मार्गशीर्षात, ऐन थंडीत, तिथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, आणि माळभर पालंच पालं. दाजींनी तरुणपणी तिथं पालात रात्री काढल्यात. कापडाखाली चार माणसं कशी बसवायची, हे अमेरिकेनं मराठवाड्याला शिकवायची गरज नाही.

पण दाजींचा पहिला प्रश्न तंबूचा नव्हताच. "पाणी किती फुटाला लागलं?"

"दीड फुटाला."

दाजी खुर्चीतून उठले. त्यांच्या रानात सातशे फूट जाऊन नुसता फुफाटा निघालाय, तोही पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवल्यावर. "जागा कुणी दाखवली?"

"पप्पा, कुठंबी पाडा, लागतंच."

यावर दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. ताईचा जीव वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. चार इंच चांगला बर्फ असला की माणसानं चालायला हरकत नाही, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. गाडी न्यायची तर नऊ-दहा इंच तरी पाहिजे. ताई म्हणाली, "आपल्या माळवदावर स्लॅब टाकली ती पाच इंचाची होती, आन् खाली पाणी नव्हतं."

आता तंबू. त्यात दोन जाती मुख्य. एक स्लेजवर बसवलेला: खुर्च्या आतच ठोकलेल्या, ओढत न्यायचा, जागेवर गेलं की डोक्यावरून पुढं पालथा करायचा. मासा लागत नसेल तर क्षणात उचलून दुसरीकडं. एकट्यादुकट्याला, फार तर तिघांना उत्तम. दुसरा पिशवीतून निघतो. प्रत्येक भिंतीच्या मधोमध पट्टा असतो, तो बाहेर ओढला की भिंत छत्रीसारखी फटकन ताणते. आत जागा भरपूर, पण वारा सुटला की तंबू आधी आणि मालक मागून. म्हणून वाऱ्याच्या बाजूचा खिळा, खरं तर स्क्रूच, सगळ्यांत आधी बर्फात पिळायचा. खाली कापडाची झालर असते, तिच्यावर बर्फ ढकलायचा, म्हणजे वारा आत येत नाही. अस्तराचा घेतला तर ऊब टिकते आणि छतातून घाम टपकत नाही, मात्र वजन वाढतं. माझं मत अस्तराच्या बाजूनं पडलं. वजन उचलायला चौघं आहेत, आणि मला उचलायचं नाही.

खरी अडचण लेबलाची. भाचा म्हणाला, "यावर चार माणसांचा लिहिलंय, पण त्यात दोघंच नीट बसतात." हे ऐकून आम्ही हबकलो. आमच्याकडं जीपवर नऊ लिहिलेलं असतं आणि सतरावा माणूस 'जरा सरका' म्हणतो. तिकडं माणशी दोन भोकं, एक खुर्ची, मधे शेगडी आणि पायात ढोपरभर बूट; त्या हिशेबानं चौघांना सहाचा लागणार. दाजींना हा हिशेब पटला नाही. ते म्हणाले, "चौघांत एकच भोक पाडा. मासा काय चौघांला वेगळा येतोय का?"

शेगडीचं मात्र थट्टेत घेऊ नये. ती गॅसची, आणि बंद तंबूत तिचा विषारी वायू वास न येता माणूस मारतो. वर झरोका असलेलाच तंबू घे, झरोका उघडाच ठेव आणि वायूचा इशारा देणारं यंत्र लाव, हे मी दोनदा बजावलं. ताईनं कानटोपी सांगितली.

"भाड्यानं मिळतं का?" दाजींनी शेवटी विचारलं. मिळतं. मोठ्या तळ्यांवर शेगडी, बाकडी, भोकं पाडलेली अशी तयार खोलीच मिळते. "मग इकत कामून घ्यायलास?" यावर भाच्याजवळ उत्तर नव्हतं, बुलेट घेणाऱ्याजवळही नसतं.

घेतला शेवटी सहाचा, अस्तराचा. पहिल्यांदा टाकला तो नेमका वेळ अमावास्येच्या सुमारास. त्या दिवशी इकडं अर्धं लातूर रिकामं होऊन रानात जातं. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले दगडाचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि भज्जी, उंडे, आंबील असं जेवायचं. आम्ही रानात पंगतीला बसलो असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. तंबूत सात माणसं. एकाचा भाऊ आला होता, दुसऱ्यानं बायको आणि मेहुणा आणला होता.

"मासा?" दाजी.

"नाही लागला. भज्जी केली."

"आन् आंबील?"

"बाहेर ठेवली होती. गोठली."